घड्याळ म्हणतं चौदा, बायको म्हणते थांबतो

(वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरं)

दिवाळीनंतर माझ्या टपालात दरवर्षी फटाक्यांचा धूर, खोकला आणि उसळलेला जुना दमा असतो. यंदा निम्मी पत्रं मनगटावरच्या घड्याळाबद्दल आहेत. मुलांनी सणाला आईवडिलांना स्मार्टवॉच घेऊन दिलं आणि आईवडील सकाळी दात घासायच्या आधी, आपण रात्री मिनिटाला किती श्वास घेतले ते वाचायला लागले. साताऱ्यात सत्तावीस वर्षं छात्या तपासतेय; पण ‘डॉक्टर, काल माझा श्वास साडेएकवीस होता’ असं दारातूनच सांगणारा पेशंट यंदा पहिल्यांदा भेटला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : वय ६३, बँकेतून निवृत्त. मुलाने ॲपलचं घड्याळ दिलं. रोज सकाळी रेस्पिरेटरी रेट वहीत उतरवतो. तीन आठवडे तो १३ ते १६ होता. ९ तारखेला एकदम २१.५ आला. २० च्या वर धोका असतो असं वाचलं. तेव्हापासून रात्री दोनदा उठून घड्याळ बघतो. बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी त्रास नाही. रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतो. (त्या रात्री धाकटा नातू माझ्याजवळ झोपला होता, त्यामुळे झोप नीट झाली नव्हती.) हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेऊ का?
— निवृत्त बँक अधिकारी, सांगली

उत्तर : तुमचं उत्तर तुम्ही स्वतःच कंसात लिहून टाकलंय.

ॲपलचं घड्याळ श्वास मोजतं ते हालचालीवरून. छाती वर-खाली झाली की हातही अगदी केसभर हलतो, आणि घड्याळातला सेन्सर ते टिपतो. शेजारी आडवा-तिडवा झोपणारा नातू असेल, त्याची लाथ तुमच्या दंडावर बसत असेल, तुम्ही दर अर्ध्या तासाला त्याचं पांघरूण सारखं करत असाल, तर त्यात केसभर हालचाल कुठे शोधायची? शिवाय त्या रात्री तुम्ही धड झोपलाच नव्हतात. तुम्ही बँकेत होतात म्हणून तुमच्या भाषेत सांगते : २१.५ ही पासबुकातली एक नोंद आहे. तेवढ्यावर तुम्ही कधी कुणाला कर्ज नाकारलं नसेल. सहा महिन्यांचा खातेउतारा मागितला असेल. इथेही उताराच बघायचा.

तुम्ही वाचलेली २० ची हद्द खरी आहे. मिनिटाला १२ ते २० श्वास हा जाग्या, निवांत प्रौढ माणसाचा ठोकताळा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्णालयांसाठी गुणांचा एक तक्ता केला, त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून जास्तीला तीन. पेशंट बिघडतोय हे लवकर कळावं म्हणून तो तक्ता आहे. घाटापर्यंत चालत जाणाऱ्या माणसासाठी तो नाही.

मात्र श्वास मोजणं फालतू आहे असं कृपया समजू नका. मी एमडी करत होते तेव्हाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव नको. वॉर्डातल्या झाडून सगळ्या केसपेपरांवर श्वासाच्या रकान्यात ‘२०’ लिहिलेलं असायचं. कुणी मोजायचंच नाही. ही खोड जगभरच्या वॉर्डांत आहे, आणि मीही लिहायचे. एका पहाटे सर चौदा नंबरच्या खाटेपाशी थांबले. एक आजी होत्या, नऊवारी, डोळे मिटलेले, काही तक्रार नाही. सरांनी माझा ‘२०’ वाचला, काही बोलले नाहीत. मनगटावरचं एचएमटी सोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, ‘मोज. पण त्यांना सांगू नकोस.’ मी आजींच्या नाडीवर बोटं ठेवली, नाडी बघतेय असं दाखवलं आणि छातीवरच्या पदराचा काठ वर-खाली होताना बघत राहिले. हिरवा काठ होता, एका जागी विरलेला. मिनिट संपलं तेव्हा बत्तीस झाले होते. न्यूमोनिया निघाला. ताप त्यानंतर सहा तासांनी चढला.

‘सांगू नकोस’ यात सगळी मेख आहे. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास घेण्याची पद्धतच बदलतो. आत्ता हे वाचताना तुमचाही बदलला असेल. घड्याळाची मला पटलेली खरी बाजू ती हीच : तुम्ही झोपेत असताना, तुमच्या नकळत, रोज त्याच वेळी ते मोजतं. म्हणून महिनाभराचा उतारा कामाचा असतो, एका रात्रीचा आकडा नसतो. माझा स्वतःचा आकडा १४ च्या आसपास घुटमळतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी १७ दिसला. पट्टा सैल झाला असेल म्हणून सोडून दिलं आणि ओपीडीला गेले. चार वाजता अंग कसकसायला लागलं, रात्री १०१ ताप. पुस्तकात १७ म्हणजे अगदी ठीक. माझ्यासाठी ठीक नव्हता.

ॲपलने २०२४ मध्ये व्हायटल्स नावाचं ॲप दिलं, तेही असंच चालतं. आधी किमान सात रात्री तुमची नेहमीची पट्टी ठरवतं. मग नाडी, श्वास, मनगटाचं तापमान वगैरेंपैकी किमान दोन गोष्टी पट्टीबाहेर गेल्या तरच सूचना देतं. दारू, नवीन औषध, उंचावरचा मुक्काम, येऊ घातलेलं आजारपण, ही त्याची नेहमीची कारणं. तुमचा आकडा ओळीने चार-पाच रात्री नेहमीपेक्षा तीन-चारने वर राहिला तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि जिना चढताना नव्याने धाप लागणं, आडवं झाल्यावर दम कोंडणं, एका उशीच्या दोन-तीन उशा होणं, पायांवर सूज, यांतलं काही असेल तर घड्याळात काहीही दिसो, त्याच दिवशी दाखवा.

रात्री दोनदा उठून घड्याळ बघण्याला मात्र औषध हवं. घड्याळातल्या झोपेच्या आकड्यांपायी झोप उडवून घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावच काढलं. तुमच्यासाठी माझं औषध : वही सुनेकडे द्या आणि उतारा फक्त रविवारी बघा. नातवाला शेजारी झोपवा, हवं तर त्या रात्री घड्याळ काढून ठेवा.

प्रश्न : मनगटात फुप्फुस नसतं. मग घड्याळाला श्वास कसा कळतो? आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, जाहिरातबाजी आहे.
— अकरावी सायन्स, लातूर

उत्तर : सरांना सांग, जाहिरातबाजी थोडी आहे, पण खाली शरीरशास्त्र पक्कं आहे.

हालचालीची पद्धत वर आली. दुसरी जास्त मजेची. फिटबिट, गार्मिन वगैरे घड्याळांच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्ताची लाट येते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्यावरून नाडी कळते. आणि नाडीत श्वास लपलेला असतो. आत्ता करून बघ : अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेव. पाच मोजेपर्यंत सावकाश श्वास घे, पाच मोजेपर्यंत सोड. चार-पाच वेळा केलंस की जाणवेल, श्वास घेताना ठोके जवळ-जवळ येतात, सोडताना लांब जातात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये हे नोंदवलं. तुझ्या वयात ते बोटांना स्पष्ट कळतं, माझ्या वयात जरा शोधावं लागतं. घड्याळ रात्रभर ठोक्यांमधली अंतरं मोजतं आणि ती किती वेळा जवळ-लांब झाली यावरून श्वास काढतं.

यावरूनच या पद्धतीची अडचणही तुला सांगता येईल. नाडी मुळातच अनियमित असेल, किंवा ठोके पेसमेकर देत असेल, तर त्या लयीत श्वास शोधणं अवघड. ज्या आजोबांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार) आहे त्यांच्या घड्याळातला श्वासाचा आकडा मी वाचतच नाही. आणि दोन कंपन्यांची घड्याळं दोन मनगटांवर बांधून भांडण लावू नकोस. दोघांची मोजायची रीतच वेगळी असेल तर आकडे जुळायचे कसे?

प्रश्न : यांचं वय ४८. घोरणं लग्नापासूनचं, त्याची सवय झाली. पण वर्षभरापासून मध्येच घोरणं बंद पडतं. सगळं चिडीचूप. मी अंधारात मनातल्या मनात आकडे मोजते. वीस, कधी पंचवीस. मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज, कूस बदलतात आणि पुन्हा सुरू. सकाळी डोकं जड असतं. रविवारी पेपर वाचता वाचता खुर्चीत पेंगतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की घड्याळ पुढे करतात, ‘हे बघ, रात्रभर चौदा. नॉर्मल. तुलाच झोप येत नाही म्हणून तू मोजत बसतेस.’ कोण बरोबर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही. आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहिते.

साहेब, घड्याळ खोटं बोलत नाहीये. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. एका मिनिटाचा हिशोब करू. पंचवीस सेकंद श्वास बंद. मग मेंदू खडबडून जागा होतो आणि उरलेल्या पस्तीस सेकंदांत घाईघाईने चौदा श्वास घेतले जातात. मिनिटाला किती झाले? चौदा. घड्याळ खूश, तुम्ही खूश, आणि तुमचं रक्त पंचवीस सेकंद प्राणवायूची वाट बघत बसलेलं. सरासरी काढली की खड्डा आणि उंचवटा मिळून रस्ता सपाट दिसतो. गाडीला काय बसलं ते गाडीलाच माहीत.

दुसरी गोष्ट याहून फसवी. घोरणाऱ्या माणसाचा श्वास बहुतेक वेळा घशात अडतो. जीभ आणि टाळू मागे पडून वाट बंद करतात. त्या वेळी छाती आणि पोट जोर लावून हलतच असतात, फक्त हवा आत जात नाही. हालचाल मोजणाऱ्या घड्याळाला तो श्वासच वाटू शकतो. तुमच्या पत्नीला मात्र हवेचा आवाज ऐकू येतो, म्हणून त्यांना कळतं. माझ्याकडे स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचे, जे पेशंट येतात त्यांतल्या बहुतेकांचं निदान पहिल्यांदा बायकोनेच केलेलं असतं. एकाचं गाडीतल्या क्लीनरने केलं होतं.

स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आम्ही वापरतो. घोरणं, दिवसा पेंग येणं, श्वास थांबताना कुणीतरी पाहिलेलं असणं आणि पुरुष असणं : चार ‘हो’ ताईंच्या पत्रातच आले. पन्नाशीच्या पुढचं वय हा पाचवा, तो दोन वर्षांनी चुकला. उरले तीन : बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३५ च्या वर, आणि गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर. शिंप्याकडे पावणेसोळा इंचांपेक्षा मोठी कॉलर लागत असेल तर तो ‘हो’ धरा. एकूण पाच झाले की धोका मोठा.

आता नव्या घड्याळांतली एक वेगळी सोय. सॅमसंग आणि ॲपल, दोघांच्याही स्लीप ॲप्नियाच्या सोयींना अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये परवानगी दिली. ॲपलची सोय श्वासातले अडथळे महिनाभर बघते आणि शंका आली तर सांगते. श्वासाच्या दरापेक्षा हे निराळं आहे, दोन्ही एकच समजू नका. त्या सोयीने ‘शंका आहे’ म्हटलं तर ऐका. ‘काही नाही’ म्हटलं आणि बायको ‘थांबतो’ म्हणत असेल तर बायकोचं ऐका.

करायचं काय? ताई, आज रात्री फोनवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या. शांतता आणि नंतरचा आवाज दोन्ही येऊ द्या. तो घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि स्लीप स्टडी करून घ्या. बऱ्याच जणांची ती घरीच होते : नाकाशी एक बारीक नळी, छातीभोवती पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणं किंवा बराच कमी होणं, असं तासाला किती वेळा झालं ते त्यात कळतं. पाचच्या आत असेल तर चिंता नाही, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. मी तासाला साठ-सत्तर बघितलेत, म्हणजे मिनिटाला एकदा, रात्रभर. अशा माणसाला सीपॅपचं मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) लावल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची बायको फोन करते, ‘डॉक्टर, घर इतकं शांत आहे की मलाच झोप येईना.’

तोवर कुशीवर झोपवा, रात्रीचे पेग बंद, झोपेची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात नाही. आणि पेंग येत असेल त्या दिवशी गाडीची किल्ली तुमच्याकडे. यात मी घासाघीस करत नाही.

प्रश्न : घड्याळ घालून झोपतो पण श्वासाचा आकडा येतच नाही.
— अमरावती

उत्तर : ॲपलचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन झोपेची नोंद चालू आहे का बघा, आणि झोपताना किमान तीस टक्के चार्ज असू द्या. फिटबिटला तुमची सलग तीनेक तासांची झोप हवी असते. पट्टा हाडाच्या जरा वर, बोट जेमतेम शिरेल इतपत. तुम्ही लिहिलंय की रात्री दीडपर्यंत मालिका बघता आणि पाचला उठता. तर घड्याळाची फारशी चूक दिसत नाही.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातीला सारखी सर्दी होते. सुनेचं घड्याळ तिच्या पायाला बांधून श्वास मोजता येईल का?
— आजी, परभणी

उत्तर : नाही हो आजी. ते मोठ्यांच्या मनगटासाठी आहे. तुमच्याकडे दोन डोळे आणि भिंतीवरचं घड्याळ आहे, ते पुरे. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच संथ, मध्येच भराभर होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, एक वर्षाच्या आतल्याला ५०, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जोरात. तुमच्या नातीसाठी चाळीस लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आहेत, गावातल्या आशाताईही हेच मोजतात. आणि आकडा कितीही असो, पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पीत नाहीये किंवा ओठ निळसर दिसतायत, तर मोजत बसू नका. उचला आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : बारा वर्षं प्राणायाम करतो. मिनिटाला सहा श्वासांवर अर्धा तास सहज बसतो. पण घड्याळात रात्री १५ दिसतात. साधना फुकट गेली का?
— योगवर्ग चालक, नाशिक

उत्तर : दिवसा सहा श्वास तुम्ही घेता. रात्री पंधरा श्वास तुमची लंबमज्जा, म्हणजे मेंदूचा तळाकडचा भाग, घेते; ती तुमच्या वर्गाला येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला ते बघून ती आपला दर ठरवते आणि झोपेत तिच्या कामात मनाची लुडबुड नसते. तरी तुम्हाला आवडेल असं एक गणित सांगते. अजपाजपाचा (श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाचा) परंपरेतला आकडा तुम्हाला पाठ असेलच : दिवसरात्रीचे एकवीस हजार सहाशे श्वास. भागिले २४, भागिले ६०. बरोबर पंधरा येतात. माझ्या पाठ्यपुस्तकातल्या १२ ते २० च्या जवळजवळ मधोमध. तुमचं घड्याळ आणि तुमची परंपरा एकच आकडा सांगतायत, मग तक्रार कसली?

प्रश्न : हसू नका. आमच्या अकरा वर्षांच्या कुत्र्याचं हृदय मोठं झालंय आणि पशुवैद्यांनी झोपेतला श्वास मोजायला सांगितलाय. माणसांचं घड्याळ चालेल?
— पुणे

उत्तर : हसत नाही. पशुवैद्यांनी अगदी योग्य सांगितलंय. हृदयाच्या आजारात फुप्फुसात पाणी साठायला लागलं की सगळ्यात आधी झोपेतला श्वास वाढतो, कुत्र्याचाही. घड्याळ त्याला बांधू नका, केसांत काही दिसणार नाही. तो गाढ झोपला की लांबून बरगड्या बघा. वर जाऊन खाली आली की एक. वर एक आणि खाली दोन असं मोजून घाबरलेले लोक मी पाहिलेत. पाय झाडत असेल तर स्वप्नात मांजरामागे पळतोय, थांबा आणि नंतर मोजा. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. लागोपाठ तीसच्या वर येत राहिला तर पशुवैद्यांना लगेच फोन करा. तुमचं घड्याळ तुमच्याच मनगटावर राहू द्या, सेकंद बघायला लागेल.